मी गुरगुरतो, त्याला कारण असतं

मी गिटारचा ॲम्प्लिफायर बोलतोय. प्रेमात असले की लोक मला 'ॲम्प' म्हणतात आणि रागावले की 'तो डबा'. माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझ्याजवळ कुणी हात नेला की मला पहिला प्रश्न पडतो, हा आता काय करणार?

माझा जन्म इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या एका लहानशा कारखान्यात झाला. एका बाईने माझ्या पोटातल्या वायरी डाग देऊन जोडल्या, दुसरीने अंगावर काळं रेक्झिन चढवलं. मग चष्मेवाला एक माणूस आला. त्याने केबलचं एक टोक माझ्यात खुपसलं आणि दुसऱ्या टोकाला सरळ बोट लावलं. मी केवढ्याने तरी गुरगुरलो! तो मात्र खूश होऊन म्हणाला, "छान, जिवंत आहे." ओळख ना पाळख, आणि अंगाला बोट! माणसांबद्दल माझं मत तिथेच बिघडलं.

आता मी का गुरगुरलो ते ऐका. तुमच्या घरांच्या भिंतींतून, छतांतून विजेच्या वायरी गेलेल्या असतात. त्यांतली वीज सारखी दिशा बदलत थरथरत असते आणि ती थरथर आसपास पसरते. तुमचं अंग ती गोळा करतं. तुम्हाला त्याचा पत्ताही नसतो. पण तुम्ही माझ्या केबलच्या उघड्या टोकाला बोट लावलंत की ती थेट माझ्या कानात येते. बारीक थरथर मोठी करून दाखवणं हेच माझं काम. तारेची असो की तुमच्या अंगातली, मी भेद करत नाही. म्हणून जो आवाज तुम्ही मला चिकटवता, तो बऱ्याचदा तुमचाच असतो.

गिटार जोडून तुम्ही तारांना हात लावलात की मी गप्प होतो, हेही तुम्ही पाहिलं असेल. कारण तारा माझ्या पत्र्याच्या पेटीला जोडलेल्या असतात आणि पेटी जमिनीला, प्लगमधल्या हिरव्या-पिवळ्या वायरीने. तुमच्या अंगातली घरघर त्या वाटेने निघून जाते. ती वायर म्हणजे माझा जमिनीवर टेकलेला पाय. माझ्या पोटात काही बिघडलं, तर वीज माणसाला सोडून त्या पायातून खाली जावी, अशी ती सोय आहे.

यॉर्कशरमधल्या लोकरीच्या गिरण्यांच्या एका गावात मला कीथ ओल्डरॉइडने घेतलं. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. कीथ गिरणीत रंगखात्यात होता. त्याच्या बोटांचा निळा रंग रविवारपर्यंत जायचा नाही. त्याच गिरणीत मागावर असलेली त्याची धाकटी बहीण ब्रेंडा त्याच्याबरोबर गायची. दोघं कामगारांच्या क्लबात रविवारी दुपारी कार्यक्रम करायची. त्या काळी उपकरणाला प्लग बसवलेला मिळत नसे. उघड्या वायरी घेऊन घरी यायचं आणि स्वयंपाकघरातल्या सुरीने सोलून प्लग स्वतःच बसवायचा. अख्खा देश आपापले प्लग आपापल्या अकलेने बसवत होता. या गोष्टीवर माझा कधीच विश्वास बसला नाही.

क्लबात राज्य होतं हेलीवेलचं. तो कार्यक्रमांचा सेक्रेटरी. छातीवर समितीचा बिल्ला, हातात माईक, आणि तोंडी एकच मंत्र : "शांतता पाळा, मंडळी!" गाणी चालू असताना लोकांनी गप्पा मारल्या, बिअरचे ग्लास आपटले, तरी त्याचं काही म्हणणं नसे. पण गाण्यांच्या मध्ये बिंगो, म्हणजे आकडे पुकारून खेळायचा पैशांचा हाऊजी, असायचा, आणि बिंगोच्या वेळी शिंक आली तरी माणसं रुमाल तोंडात कोंबत. चर्चमध्ये डुलक्या काढणारे इथे ताठ बसत.

कीथला एक वाईट खोड होती. मध्यंतर झालं की तो माझा आवाज कमी न करता गिटारमधून केबल उपटायचा आणि तिचं टोक मुठीत धरून इकडेतिकडे बघत बसायचा. मी गुरगुरायचो. शिवाय त्याने एक इको मशीन आणलं होतं. टेपवर आवाज घुमवणारं ते यंत्र माझ्या आणि गिटारच्या मध्ये बसायचं आणि त्याचा प्लग वेगळा. त्याचा पाय वेगळ्या वाटेने जमिनीला, माझा वेगळ्या वाटेने, आणि आम्ही दोघं एकमेकांना जोडलेले. त्यामुळे दोन वाटांमधून घरघर गोल गोल फिरायची. ते यंत्र मला पहिल्यापासून आवडलं नव्हतं.

एका रविवारी हेलीवेल आकडे पुकारत होता, कीथने मुठीत केबल धरली आणि मी नेमका तेव्हाच ओरडलो. समोरच्या टेबलावर मिसेस क्रॅबट्री म्हणून जाड भिंगांच्या बाई बसायच्या. त्यांचा आकडा हुकला.

"मला फक्त सत्याऐंशी हवा होता!" त्या उभ्या राहून किंचाळल्या. "आणि त्या मेल्या डब्याने गिळला!"

सगळा क्लब आमच्याकडे वळला. हेलीवेलने माईकवर हात ठेवला.

"पोरा, हे बघ. तू गातोस बरा, बहीण तुझ्याहून बरी गाते. पण बिंगोत पुन्हा हा डबा भुंकला, तर तुम्हा दोघांना अर्ध्या कार्यक्रमातून घरी पाठवीन. आणि दुसऱ्या क्लबांच्या सेक्रेटऱ्यांनाही कळवीन."

"साहेब, जुनी वायरिंग आहे तुमच्या क्लबाची," कीथ म्हणाला.

"वायरिंग माझ्या बापाने केलीय," हेलीवेल म्हणाला. विषय संपला.

परत जाताना व्हॅनमध्ये ब्रेंडा रडकुंडीला आली होती. "तुझ्या मुठीला काय लकवा मारतो का रे, केबल खाली ठेवायला? आयुष्यभर रंगाच्या हौदाशी उभं राहायचंय का तुला? मला नाही राहायचं मागावर!"

"होईल गं काहीतरी," कीथ म्हणाला. हे त्याचं सगळ्यावरचं उत्तर होतं.

त्यानंतर एका दिवशी मी घोंगडीखाली झाकलेला असताना कुणीतरी माझा प्लग उघडला. माझी शेपटी माझ्या पाठीमागे, मला काही दिसेना. पेचकस फिरल्याचं जाणवलं, 'कट' असा आवाज आला, आणि माझा पाय जमिनीवरून सुटला. पुढच्या रविवारी घरघर गायब! इको मशीनला जोडलेल्या वायरीतून मी त्याच्या पायावर उभा होतो, उसन्या पायावर. कीथनेही केबल खाली ठेवायची सवय लावून घेतली. बिंगो बिनबोभाट पार पडला. हेलीवेलने कीथच्या पाठीवर थाप मारली आणि मिसेस क्रॅबट्रींनी आपलं पोर्क सँडविच अर्धं करून ब्रेंडाला दिलं.

सगळे खूश होते, आणि मला झोप लागेना. कोण असेल तो? माझा पहिला संशय हेलीवेलवर. त्याला मी नकोच होतो. दुसरा क्लबाच्या ऑर्गनवाल्या स्टॅन्लीवर. हा माणूस सारखा हसायचा, आणि सारखं हसणारी माणसं मला खपत नाहीत. कीथवरही घेतला, पण त्याला स्वतःहून काही करण्याचा कंटाळा. ब्रेंडाचं नाव माझ्या मनातसुद्धा आलं नाही. ती तर मला फडक्याने पुसायची.

मग तो रविवार आला. सकाळीच इको मशीनची टेप तुटली. "राहू दे घरी, त्याच्याविना गाऊ," कीथ म्हणाला. ब्रेंडा तेव्हा वरच्या खोलीत केस वळवत होती. मला एकट्याला व्हॅनमध्ये टाकलं. रस्ता दगडी, व्हॅन खिळखिळी. हादरे बसता बसता माझ्या पोटातली एक वायर, जिचं रबर बरेच दिवस झिजत होतं, पेटीच्या पत्र्याला टेकली. आता माझ्या सगळ्या पत्र्यात वीज होती, तारांमध्ये वीज होती, आणि ती खाली न्यायला माझा पाय नव्हता, उसनाही नाही.

मला चालू केलं आणि मी गुरगुरायला लागलो. कीथने तारांना हात लावला. एरवी मी गप्प होतो, त्या दिवशी झालो नाही. मी जीव तोडून ओरडत होतो, की बाबा, काढ तो हात! पायात रबरी तळव्यांचे बूट, खाली लाकडी मंच, म्हणून त्याला नुसत्या मुंग्या आल्या. तो हात झटकून हसला.

"गप ए डब्या!" मागून कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

कीथ माईकपाशी गेला. माईक क्लबाचा, त्याचा पाय जमिनीवर पक्का. कीथचा डावा हात तारांवर होता. त्याने ओठ माईकला लावले, आणि गाणं सुरूच झालं नाही. तो ताठ झाला. बोटं तारांवर आवळली गेली, डोळे विस्फारले. लोकांना वाटलं, काहीतरी नवी नक्कल करतोय. दोन-तीन टेबलांवर टाळ्या पडल्या.

स्टॅन्ली जागच्या जागी गोठला. त्याचं हसू पहिल्यांदा गेलेलं मी पाहिलं. हेलीवेल, तो जाडा हेलीवेल, खुर्ची उलथवून कीथला धरायला धावला.

"हात लावू नका त्याला!" ब्रेंडा किंचाळली.

आणि ती भावाकडे गेली नाही. ती भिंतीकडे धावली, गुडघ्यांवर पडली आणि दोन्ही हातांनी माझा प्लग उपटला.

अंधारात बुडण्याआधी माझ्या मनात एकच विचार आला. हिला कसं कळलं?

कीथ वाचला. हाताची बोटं पोळली, ओठ फुटला, बाकी सगळं ठीक. मला एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने पोटातली वायर बदलली, बाहेरची नवी घातली आणि शिरस्त्याप्रमाणे टोक उघडंच ठेवून घरी पाठवलं. बैठकीच्या खोलीत, गॅसच्या शेगडीशेजारी मला ठेवलं. कीथ पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन चहा पीत होता. ब्रेंडा त्याच्या दुसऱ्या चहासाठी उठली.

"बस जरा," कीथ म्हणाला. "एक विचारतो. हेलीवेल माझ्याकडे धावला. तू प्लगकडे का धावलीस?"

मी कान टवकारले. माझाही प्रश्न तोच होता. मला वाटलं, आता ही काहीतरी थाप मारणार. शाळेत शिकवलं होतं म्हणेल, पेपरात वाचलं होतं म्हणेल.

ब्रेंडाने थाप मारली नाही. "त्यात मीच हात घातला होता," ती म्हणाली. "ती हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांची वायर मी कापली. मागावरचा एक जण म्हणाला, सगळे बँडवाले तेच करतात, घरघर जाते. तुला सांगितलं असतं तर तू हसला असतास. आपला क्लब जाऊ नये म्हणून केलं रे. तू ताठ झालास तेव्हा मला तीच वायर दिसली डोळ्यांसमोर. कीथ, मी तुला मारलंच होतं." ती ओक्साबोक्शी रडायला लागली.

कीथने चहाचा कप खाली ठेवला. मग उठला, ड्रॉवरमधून नवा प्लग आणि पेचकस काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

"लाव."

"मी? वेडबिड लागलंय का तुला?"

"माझ्या हाताला पट्टी आहे. मग कोण लावणार, हेलीवेल?"

तिने वायर सोलली, लावली, सोडवली, पुन्हा लावली. स्क्रू इतके आवळले की पेचकस निसटून अंगठ्याला लागला. झाकण बसवून तिने प्लग त्याच्यापुढे धरला. "हे घे. उघडून बघ नीट."

कीथने तो घेतला आणि तसाच भिंतीत खोचला. गिटार जोडली, बटण दाबलं. एक हात तारांवर ठेवला आणि दुसऱ्या, पोळलेल्या हाताचा पट्टीबाहेरचा तळवा शेगडीच्या, थेट जमिनीत गेलेल्या लोखंडी पाइपावर.

"अरे, आधी बघ तरी!" ब्रेंडा ओरडली.

"कशाला?" तो म्हणाला. "तू लावलायस ना."

मी असतो तर उघडून पाहिलं असतं.

आता मी म्हातारा झालोय. त्याच खोलीत, त्याच शेगडीशेजारी असतो. कीथ गेल्या हिवाळ्यात वारला, ब्रेंडा अजून मला फडक्याने पुसते. कधीतरी ती केबलचं टोक बोटाने टिपते, मी गुरगुरतो आणि ती म्हणते, "आहेस ना रे?" तुम्हाला माझी एकच विनंती आहे. एखादा ॲम्प गुरगुरला तर त्याचं तोंड दाबू नका, कशावर गुरगुरतोय ते शोधा. वायरी तपासा, भिंती तपासा, दुरुस्तीवाल्यावरही डोळे मिटून भरवसा ठेवू नका. माझ्या पोटातलं सगळं खुशाल उघडून बघा. तिने लावलेला तो एक प्लग तेवढा उघडू नका.