टोकापर्यंत पोचणारी थाप

मी एका निवासी शाळेच्या जेवणघरातलं चौदा फुटी टेबल बोलतोय. या शाळेतल्या मुलांना ऐकू येत नाही. तरी माझ्याइतकी बडबड कुणाच्या वाट्याला आली नसेल.

सुताराने माझ्या तीन जाड फळ्या अशा घट्ट सांधल्या, की एका टोकाला थाप मारली तर दुसऱ्या टोकाला टेकलेल्या कोपराला कळते. मुलांनी हे पहिल्याच दिवशी हेरलं. एक थाप म्हणजे ‘इकडे बघ’. मग हात बोलायला मोकळे.

एका वर्षी नव्या वॉर्डनबाई आल्या. त्यांना ऐकू येई, त्यामुळे माझा दणदणाट त्यांच्या डोक्यात जाई. मुलांनी त्यांना खुणेचं नाव ठेवलं: दोन्ही कानांवर हात.

“हे काय म्हणतात मला?”

“तुमचं कानातलं छान आहे म्हणतात,” स्वयंपाकाच्या मावशींनी ठोकून दिलं. बाईंनी आठवडाभर तेच कानातलं घातलं.

पण शेवटी त्यांनी माझ्यावर जाड रबरी चादर अंथरलीच. त्याच सुमारास सहा वर्षांची एक मुलगी आली. घरात ऐकू न येणारी ती एकटीच, खुणांची भाषा तिने कधी पाहिलेली नव्हती. मान खाली घालून बसे, ताट तसंच राही. मुलं थापा मारत, रबर त्या गिळून टाकी. पाचव्या दिवशी वडिलांना निरोप गेला: रविवारी येऊन घेऊन जा.

शनिवारी मावशी म्हणाल्या, “बाई, तुम्हाला गोंगाट वाटतो ती यांची हाक आहे. आपण हाकच झाकून ठेवलीय.”

“मग आधी नाही सांगायचं?”

“आधी विचारलंत कुठं?”

बाईंनी चादरीचं एक टोक धरलं, दुसरं मावशींनी.

पलीकडच्या टोकाला बसलेल्या मोठ्या मुलीने थाप मारली. ती माझ्या अंगातून पळत जाऊन त्या पोरीच्या कोपरात शिरली. पोरीने दचकून मान वर केली. सगळे चेहरे तिच्याकडेच वळलेले. मोठ्या मुलीने स्वतःच्या गालात बोट खुपसलं, मग तिच्याकडे दाखवलं: तुझ्या गालाला खळी, हे तुझं नाव. पोरीने गाल चाचपला. मग ताट जवळ ओढलं.

रविवारी तिची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. वडील सवयीने मागून हाका मारत राहिले, ती पाठमोरी जेवत होती. मावशींनी त्यांना माझ्यापाशी आणलं.

“इथं थाप मारा, दादा.”

त्यांनी मारली. ती वळली, हसली, आणि गालात बोट खुपसून दाखवलं.

“हे काय?”

“तिचं नाव.”

वडिलांनी तीच खूण जपून करून पाहिली. दोनदा. मग पिशवी उचलली आणि तिच्या खोलीत परत ठेवून आले.

आता माझा एक पाय बदललाय, कडा झिजल्यात. नव्या इमारतीत मला न्यायचं की नाही, यावर कार्यालयात खल चाललाय. नाही नेलं तरी तक्रार नाही. एवढ्या हाका अंगावरून गेल्या, त्या मुलांनीच मला बोलतं केलं. फक्त माझ्या जागी आणाल ते लाकडाचंच आणा. आणि थाप टोकापर्यंत पोचते का, हे घेण्याआधी मुलांना विचारा.