तीन ठोके

“न्वोसूदादा, लावा की आता! का तबकडीची पूजा मांडताय?”

तबकड्यांच्या दुकानदाराला डिवचून ओकेझी दुकानाबाहेरच्या भोंग्याखाली जाऊन उभा राहिला. ओवेरीच्या भरबाजारात, भरदुपारी त्याच्या बँडचं पहिलं गाणं वाजणार होतं. लढाई संपून जेमतेम दीड वर्ष झालं होतं. गाण्याचं नाव ‘अजून आहोत’. ड्रम त्याचे, शब्दही त्याचेच.

खरं तर ते त्याला एकाच माणसाला ऐकवायचं होतं. समोर दोनच पावलांवर उगोएझेताई कढईत चवळीचे अकारा वडे तळत होती. उपासमारीत आईबाप गेल्यावर तिनेच सरडे भाजून घालून त्याला जगवलं होतं.

“लोकांच्या घरांवर छपरं नाहीत, आणि आमचे राजे पिंपं बडवतात!” ताई गिऱ्हाइकाला म्हणाली.

“आधी ऐक तर ताई. तुझंच गाणं आहे.”

“माझं? बरं बाबा, ऐकते. लवकर लाव, तेल तापलंय.”

सुई टेकली. खण्ण. खण्ण. खण्ण.

हे तीन ठोके ओकेझीनेच हट्टाने घातले होते. लढाईत गावोगाव झाडाला ट्रकच्या चाकाची रिम टांगलेली असे. विमान दिसलं की राखणदार तिच्यावर तीनदा हाणायचा आणि लोक लपायचे. ज्या आवाजाने आपल्याला वाचवलं, त्यानेच जगण्याचं गाणं सुरू व्हावं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. लेगोसच्या स्टुडिओत सगळे खूश झाले होते. लढाई तिकडे पोचलीच नव्हती; त्यांच्यापैकी कोणी ती रिम कधी ऐकली नव्हती.

“विमान! विमान आलं!”

अख्खा बाजार उधळला. माणसं गटारात पडली, हातगाड्यांखाली घुसली. एका म्हाताऱ्याच्या छातीवरून पन्नास पाय गेले. त्याच्या तोंडातून रक्ताची गुळणी आली. ताई मात्र लपली नाही. तिने झेप घेऊन ओकेझीला जमिनीवर आपटलं आणि त्याच्यावर पालथी पडली. मागून पळणाऱ्यांच्या धक्क्याने कढई उलथली. उकळतं तेल तिच्या पाठीवर सांडलं. ती गुरासारखी ओरडली, पण त्याच्या अंगावरून हलली नाही. भोंगा गातच होता.

मग कुणाच्या तरी ध्यानात आलं.

“हा! ह्या मेल्यानं वाजवलंय ते!”

ज्यांना तो लहानपणापासून काका-मामा म्हणत आला होता, त्यांनीच मुसळं उचलली. त्याचं मनगट मोडलं, पुढचे दोन दात पडले. त्याने एकदाही हात वर केला नाही.

तिसऱ्या आठवड्यात लेगोसहून तार आली. ताई इस्पितळात पालथी पडून होती. म्हातारा मातीत गेला होता.

“वाच ना रे, काय म्हणतात?”

“तबकडी तुफान खपतेय म्हणे. सगळं शहर त्या ठोक्यांवर नाचतंय.” त्याची मान वर होईना. शरमेने मरावं असं त्याला वाटत होतं.

“पुढे काय आहे त्यात?”

“तारेत?”

“गाण्यात रे. ठोक्यांपुढचं मी काही ऐकलंच नाही.”

तो म्हणू लागला. दात नसल्याने शब्दांतून वारा जात होता. ठेका धरायला त्याने चुकूनही खाटेवर बोट टेकवलं नाही. संपल्यावर ताईने उशीत तोंड खुपसलं.

“ह्याच्यावर नाचतात ते?”

“हो.”

“वेडे आहेत,” ती म्हणाली. “म्हण पुन्हा.”

त्याने पुन्हा म्हटलं.