अ वर्गाची बँक

"आधी शिपायाचं खातं दाखवा," तो म्हणाला.

मॅनेजरला हसू आलं. ताळेबंद, कर्जाच्या फायली, रजिस्टरं, सगळं टेबलावर मांडून ठेवलेलं, आणि तपासायला आलेला माणूस मागतोय काय, तर शिपायाचं खातं! पण ऑफिसात ज्याला सगळे पाठीमागे 'भिंग' म्हणत, त्याची रीतच तशी होती. तीस वर्षं छोट्या छोट्या बँका तपासून तो एवढंच शिकला होता, की ताळेबंद कुणीही नटवून आणतं. स्वयंपाकी स्वतः कुठे जेवतो ते पाहावं.

शिपायाचा पगार एक तारखेला जमा व्हायचा आणि दुपारच्या आत पै न पै काढला जायचा. कॅशियरबाईंचंही तेच. मॅनेजरच्या बायकोने तर आपली ठेव गेल्या वर्षी मुदतीआधीच मोडली होती. बँकेत काम करणाऱ्या एकाही माणसाला आपला पैसा या बँकेत एक रात्रही ठेवायचा नव्हता.

मग नुसतं फायली उघडायचं काम उरलं. जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज, ते फेडायला आणखी नवं. वर्ष संपायच्या दिवशी सगळी थकबाकी कागदावरून गायब. आणि शेहेचाळीस कर्जांना जामीन एकच माणूस, तो मघाचा शिपाई. बडा घर पोकळ वासा म्हणतात. इथे तर घरही बडं नव्हतं.

बाहेर हॉलमध्ये भिंतीवर 'अ वर्ग' असं प्रमाणपत्र लावलेलं होतं, आणि त्याच्याखाली सही त्याचीच होती. पाच वर्षांपूर्वीची. त्या दिवशी दोन बँका उरकायच्या होत्या, आकडे जुळत होते, मॅनेजर लाघवी होता. तेव्हा त्याने शिपायाचं खातं मागितलं नव्हतं. आयुष्यात तेवढा एकदाच त्याने आळस केला, आणि तो नेमका ताईच्या गावात.

ताईने नवऱ्याच्या अपघाताची भरपाई त्या सहीच्या भरवशावर इथे ठेवली. 'माझ्या भावाने तपासलीय,' असं गल्लीभर सांगितलं, ते वेगळंच.

दुपारी तो तिच्याकडे जेवायला गेला. ताटावर बसला आणि भात नुसता कालवत राहिला. ताई मशीनवर कुणाची तरी पडद्याची झालर शिवत होती.

"ताई, तुझ्या ठेवीची मुदत कधी संपते?"

"कालच संपली की. जायचंय आता बँकेत."

"मग काढून घे. आजच. परत ठेवू नकोस."

मशीन थांबलं. "का रे? बँकेचं काही बरंवाईट?"

इथे एक शब्द पुरला असता. पण अहवाल वर जाईपर्यंत तोंड उघडायचं नाही असा नियम, आणि नियम मोडलेल्या एकाला त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. मेव्हण्याच्या कानात कुजबुजला आणि पेन्शनला मुकला. याच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. शिवाय 'मीच चुकलो गं' हे ताईसमोर म्हणायचं, त्याला तर नियमापेक्षा जास्त धीर लागतो.

"छे छे, तसं काही नाही," तो म्हणाला. "पैसे आपले हाताशी असलेले बरे."

ताईने त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या शर्टाच्या विरलेल्या कॉलरकडे बघितलं. "बरं," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात न विचारता वाढलं.

पावणेचारला ती बँकेत आली. दार उघडं होतं. आतल्या टेबलावरून त्याला तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"काढायचे नाहीत हो. परत पाच वर्षं ठेवायचेत. आणि भावाचं नाव घाला बरोबर. दर महिन्याचं व्याज त्याच्या खात्यावर जाऊ दे."

तो उठून बाहेर आला. "ताई, अगं, मी काय सांगितलं होतं?"

"कळलं मला तू काय सांगितलंस." तिने आवाज खाली आणला. "रिटायर व्हायला आलास, हात रिकामा आहे. तोंडाने मागवत नाही म्हणून आडून आडून बोललास. रोख दिले तर तू घेणार नाहीस, मी काय आज ओळखते तुला? आता मुकाट्याने सही कर."

कॅशियरबाईंच्या हातात शिक्का होता. त्या थांबल्या होत्या, आणि ताईकडे न बघता त्याच्याकडे बघत होत्या. त्या शिक्क्याची किंमत काय ते त्या हॉलमध्ये त्यांना ठाऊक होतं आणि त्याला. तो नुसतं 'थांबा' म्हणाला असता तरी त्यांनी शिक्का खाली ठेवला असता. मॅनेजर आपल्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

त्याने मान खाली घातली.

शिक्का बसला. त्याने ताईच्या सहीशेजारी सही केली.

"चहा टाकते, लवकर ये," ताई म्हणाली. पावती पर्समध्ये ठेवून ती समाधानाने पायऱ्या उतरली. इतकं स्वस्थ झालेलं तिला त्याने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

आत येऊन त्याने अहवाल पुरा केला. वर्ग: ड. शिफारस: उद्यापासून सर्व ठेवी काढण्यास मनाई. शेवटच्या पानावर एक रकाना असतो, तपासनीसाचे या बँकेत स्वतःचे काही हितसंबंध आहेत काय. तीस वर्षं तो त्यात न वाचता 'नाही' लिहीत आला होता.

आज त्याने 'आहेत' लिहिलं, पुढे रक्कम लिहिली, आणि खाली सही केली.