एकतीस अक्षरं

खंडेनवमीला यंत्रानं काम करायचं नाही, असा दाजीबानपेठेतल्या श्रीहरीशेठच्या छापखान्याचा दंडक. त्या दिवशी यंत्रं पुसायची, झेंडूची माळ घालायची आणि सगळी बटणं बंद करायची. त्यातून सुटलेलं यंत्र एकच, अक्षरजुळणीच्या टेबलाखालचा जुना मॅक. टेबलावर दुसरा मॅक होता, त्यावर जुळणी चाले; पण केलेलं सगळं काम तारेतून जाऊन साठायचं ते खालच्यात. तो सर्व्हर; वीज गेली तरी इन्व्हर्टरवर चालू राहायचा. आधी जुळणी सांभाळणाऱ्या प्रेमानंदनं तो बसवला तेव्हाच बजावलं होतं, "ह्याला नुसतं फूल वाहायचं. बंद करायचं नाही." प्रेमानंद बेंगळुरूला गेला, त्यालाही आता सहा वर्षं झाली.

यंदा केदारीअण्णांनी तो बंद केला.

विसरून नव्हे, दया येऊन. अण्णांची उमेदीची सगळी वर्षं पाठीवर कागदाची ओझी वाहण्यात गेलेली. पन्नाशीत बाराखडी गिरवली, मग प्रेमानंदनं त्यांना जुळणीला बसवलं. घाण्याच्या बैलालासुद्धा बेंदराच्या सणाला जू नसतं आणि हा बिचारा एक दिवस विसावला नाही, असं त्यांच्या मनात आलं. अण्णा विहारात जाणारे; पूजाअर्चा त्यांच्या घरी नव्हती. पण विसावा म्हणजे काय, हे हमालाला कुणी शिकवावं लागत नाही. त्यांनी बटण दाबलं. पंखा हळूहळू थांबला.

"झोप लेका," अण्णा म्हणाले.

दसरा झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी तो सुरू केला. पंखा फिरला, पण वरच्या मॅकवर खालच्याचं नावच दिसेना. खालच्यात लक्कव्वाची गाणी होती.

लक्कव्वा त्यांची बायको. कापसाच्या जिनात सरकी निवडता निवडता तिनं स्वतः रचलेली छप्पन्न गाणी. तिला अक्षर येत नव्हतं. दुपारच्या सुट्टीत ती टेबलाशेजारी बसून सांगायची आणि अण्णा एका बोटानं टंकायचे. 'ढ' कुठं, 'ळ' कुठं हे हुडकण्यात त्यांचा सगळा जीव गुंतलेला. अक्षरं कानात शिरली, गाणं शिरलंच नाही. कागदावर काढू म्हटलं की ती म्हणायची, "सगळी होऊ देत. एकदम पुस्तकच हातात द्या." छप्पन्नावं झालं, आणि श्रावणात तिचं उजवं अंग गेलं. वाचाही गेली.

उणकलहून यशपाल आला. जुनी यंत्रं दुरुस्त करणारा असा आता तोच उरलेला. आधी त्यानं तार बदलली. दोन्ही मॅकच्या मधल्या डब्यावरचा हिरवा दिवा लागला, पण नाव दिसेना. मग त्यानं वरच्याचा पडदा काढून खालच्याला जोडला आणि हसला.

"अण्णा, इथं तारीख बघा. एक जानेवारी एकोणीसशे चार. ह्याच्या हिशेबानं तुम्ही अजून जन्मलाच नाही."

"बरं झालं असतं."

"आतला सेल कधीचा मेलाय. हा चालू होता तोवर आठवण धरून होता. तुम्ही बंद केला आणि सगळं विसरला. दुसऱ्या मशीनशी बोलायचं असतं, हेसुद्धा."

शेठ मागं उभे होते. "दया करायला माणसं कमी पडली होती काय हो अण्णा?"

अण्णांनी प्रेमानंदला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "सीडीवर काढून ठेवलंय ना?"

"तू गेल्यावर कोण काढणार बाबा?"

यशपालनं नवा सेल घातला, तारीख घातली, बंद पडलेलं जाळं पुन्हा सुरू केलं आणि पडदा जागेवर लावला. वरच्या मॅकवर नाव उमटलं. अण्णांनी ते उघडलं. आत 'लक्कव्वा' नावाची फाईल-पेटी, ती उघडली. छप्पन्न नावं एकाखाली एक. अण्णांनी गाण्याची पहिली ओळ हेच गाण्याचं नाव ठेवलं होतं. पण ते यंत्र काना, वेलांटी, मोकळी जागा धरून एकतीस अक्षरांपुढं नाव घेत नसे, तिथं ओळ तुटायची.

यशपालनं पहिलं गाणं उघडायला घेतलं. टेबलाखाली टक् झालं. पुन्हा टक्. पडद्यावरचं 'थांबा' सांगणारं घड्याळाचं चित्र जागच्या जागी थिजलं.

"डिस्क गेली अण्णा," यशपाल हलक्या आवाजात म्हणाला. "इतकी वर्षं फिरत होती म्हणून चालली. थांबली, थंड झाली, की अशी जुनी डिस्क धड उठत नाही. हात लावू नका. ही नावं पडद्यावर आहेत तोवर आहेत."

"आणि गाणी?"

यशपाल पेचकस पुसत राहिला. "होगली बिडरी अण्णा," शेठ कानडीत म्हणाले, जाऊ द्या म्हणून. आवाजात आता टोमणा नव्हता, आणि तेच अण्णांना सोसेना.

त्यांनी वही काढली. एकेक नाव उतरवून घेतलं, तुटलं तिथं तोडून. छप्पन्न ओळींना दीड तास लागला. खाली टक् टक् चालूच होतं. शेवटी यशपालनंच बटण बंद केलं.

घरी लक्कव्वा उशीला टेकून बसली होती. अण्णांनी चष्मा लावला, पेन उघडलं आणि वाचलं, "सरकी निवडता बोटं माझी झाली पांढ..."

ते थांबले. "पांढरी. हे मला कळतंय. पुढं काय गं?"

लक्कव्वाचे डोळे मोठे झाले. ओठ डावीकडं ओढले गेले, घशातून घरघर आली, हनुवटीवर लाळ उतरली. पुढची ओळ तिच्या तोंडाशी होती, अण्णांना दिसत होती. पेन कागदावर टेकवून ते वाट बघत राहिले. शाईचा ठिपका पसरला.

"बरं, दुसरं घेऊ," ते म्हणाले. दुसरं वाचलं. तिसरं वाचलं.

चौथ्याला लक्कव्वानं चालता डावा हात पुढं केला आणि वही मिटली.