जपून ठेवलेला कोट

मी फवारणीचा कोट बोलतोय. जाड, पिवळा, गळ्यापर्यंत बटणं असलेला. मला बघून 'अगदी नवाकोरा दिसतोय' असं कृपा करून म्हणू नका. ते ऐकलं की तोंड लपवावंसं वाटतं.

विष माणसाच्या कातडीपर्यंत पोचू द्यायचं नाही, एवढ्याच कामासाठी मला शिवलं. एका मोठ्या फळबागेच्या मुकादमाने मला माझ्या धन्याच्या हातात दिलं. धनी तिथे झाडांच्या ओळींमधल्या गवतावर तणनाशक मारायचा. मला उलटंपालटं करून बघत तो म्हणाला, "एवढा चांगला कोट विषात घालू? डोकं फिरलंय का माझं?"

त्याने मला घरी नेलं आणि कपाटात ठेवणीतल्या कपड्यांशेजारी टांगलं. पाऊस आला की मला घालून तो सासुरवाडीला जायचा. मेहुणा म्हणायचा, "भावोजी, साहेब झालात की काय?" धन्याची छाती फुगायची. माझीही फुगायची, खोटं कशाला बोलू?

कामावर मात्र तो विटलेला, बाह्या उसवलेला शर्ट घालायचा. पाठीवरच्या पंपाचं झाकण पाझरायचं आणि शर्ट पाठीला चिकटायचा. वारा फिरला की फवारा थेट तोंडावर. नोझल तुंबलं की हा पठ्ठ्या ते तोंडाने फुंकायचा, थुंकायचा आणि पुढे चालू लागायचा. संध्याकाळी तो शर्ट चोळताना बायकोच्या नाकाला झोंबायचं.

"अहो, कोट घालत जा ना."

"उकडतं त्यात. आणि इतकी वर्षं मारतोय, मला काय धाड भरलीये?"

हे सगळं मी कपाटातून ऐकत होतो, हँगरवर ऐटीत लटकून.

मग त्याच्या मानेला गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून त्याने ती अंगावर काढली. एकीच्या दोन झाल्या, ताप हटेना, तेव्हा कुठे दवाखाना गाठला. त्या दिवशी पाऊस होता, म्हणून मीही सोबत होतो.

लसिकाग्रंथींचा कॅन्सर आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्याचं काम ऐकून त्या म्हणाल्या, "त्यामुळेच झाला असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. पण असली औषधं वर्षानुवर्षं अंगावर घेणाऱ्यांना काही कॅन्सरचा धोका जास्त असतो, असं दिसतं. अंग झाकायला काही दिलं नव्हतं का तुम्हाला?"

सोबत आलेल्या बायकोने मान खाली घातली. मी त्याच्या अंगावरच होतो, पावसाने धुतलेला, लख्ख. बाईंची नजर माझ्यावर आली आणि तिथेच राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला वाचवायचं, त्याच्याच अंगावर मी नुसता मिरवत बसलो होतो.

आता त्याचे उपचार चालू आहेत आणि त्याचं काम मुकादमाने बायकोला दिलंय. आज सकाळी तिने तोच जुना शर्ट चढवला. "कोट राहू दे, तुम्हाला दवाखान्यात जायला लागेल."

धनी भिंतीला धरून उठला. त्याने मला कपाटातून ओढलं, तिच्या अंगावर घातलं आणि एकेक बटण लावलं. "मी अंग सोडून कोट जपला गं. लाज वाटते मला. तू तरी याला जपू नकोस. आणि नोझल तोंडाला लावशील तर बघ." तिने मान वर करून त्याला शेवटचं बटण लावू दिलं.

आता आम्ही बागेत आहोत. "काय गं, कुणाच्या लग्नाला निघालीस?" असं बायांनी तिला विचारूनही झालं. ऊन तापलंय. पंप पाठीवर भरलेला आहे. आतून ती घामाने निथळतेय आणि तिचा हात माझ्या गळ्याशी आलाय.

बाई, उकडतंय ते मला कळतंय. पंप उतरव, हात धू, सावलीत जा, मग खुशाल काढ मला. पण पंप पाठीवर असताना नको. मी तुझ्या पाया पडतो, आत्ता नको.

तिचं बोट अजून बटणावरच आहे.