खिशातला फ्यूज

म्हाताऱ्या वायरमनचा एकच नियम होता, आणि तो त्याने लेकाला बाराखडीच्याही आधी शिकवला होता. फ्यूज खिशात, मगच हात तारेत. मेनचा फ्यूज काढला की तो बोर्डावर ठेवायचा नाही, कुणीतरी शहाणा येऊन परत बसवतो. शर्टाच्या खिशात टाकायचा. खिसा जड लागला की निश्चिंत व्हायचं.

लेक गेला तेव्हाही फ्यूज त्याच्या खिशातच होता.

शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या न्हाणीघरात तो दिव्याचं बटण बदलत होता. पाय ओल्या फरशीवर. वीजखात्याच्या माणसाने कागदावर लिहिलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. खिशातला फ्यूज दुसराच कुठला असेल, म्हणाला. गल्लीला तेवढं पुरलं. वायरमनचा पोरगा आणि मेन बंद करायला विसरला, असं जो तो बोलू लागला. शाळेतही ते पोचलं. रोज संध्याकाळी म्हातारा नातीचा अभ्यास घ्यायचा. एकदा तिने वहीतून मान वर न काढता विचारलं, "आजोबा, बाबा खरंच विसरले होते का?"

"नाही," तो म्हणाला. पण नुसत्या 'नाही'वर पोरीचं समाधान कसं व्हावं?

दुसऱ्या दिवशी तो बाईंच्या दारात उभा राहिला.

"या मामा," बाई म्हणाल्या. "परत काय बघायचंय? घरातली वीज गेली होती, मी शपथेवर सांगते. माझं मशीन अर्ध्या टाक्यात थांबलं होतं."

त्याने फ्यूज काढला. दिवा विझला, पंखा मंदावत थांबला. घर मेल्यासारखं दिसत होतं. मग त्याने न्हाणीघरातल्या तारेला टेस्टर लावला आणि टेस्टरमधला इवलासा दिवा पेटला.

गोष्ट सोपी होती, पोरालाही समजेल अशी. घरात तारा दोन येतात. एक वीज आणते, ती फेज. दुसरी परत नेते, ती न्यूट्रल. कुठलीही एक तोडली तरी दिवे विझतात. पण तोडलेली न्यूट्रल असेल, तर फेज भिंतीत जिवंतच राहते, दबा धरून. दोन दारांच्या खोलीत चोर एका दाराने येणार, आणि कडी आपण दुसऱ्याच दाराला घातलेली. डबल पोलचा मेन दोन्ही तारा एकदम तोडतो, मग कुठली कुठली हा प्रश्नच उरत नाही. म्हातारा उमेदीत असताना त्याला हा नखरा वाटायचा. "एक तोडली की झालं, दुसरीला कशाला उगाच त्रास?" असं म्हणून तो हसायचा.

"हे कुणी केलं हो, मामा?"

त्याने मीटरखालची फळी काढली. न्यूट्रल ओळखू यावी म्हणून तो तिला काळ्या दोऱ्याचे तीन वेढे द्यायचा. वेढे होते. पण फेजला होते, म्हणून फ्यूज न्यूट्रलवर बसला होता. ह्या घराचं वायरिंग करताना वीज जोडण्याआधीच त्याने ते बांधले होते, आणि वीज आल्यावर टेस्टर लावून पाहिलं नव्हतं. दोरा ह्याच बाईंनी दिला होता. तेव्हा त्या घरात नव्याने आल्या होत्या, आणि रीळ पुढे करताना म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे दोऱ्याला तोटा नाही."

म्हाताऱ्याने दोरा दोन बोटांत धरला. वेढे सोडून खिशात टाकले असते तर कुणाला कळलं नसतं. पण मग लेक कायमचा विसराळू राहिला असता.

"मी," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्यासाठी खुर्ची ओढली होती, ती तशीच राहिली.

दोन्ही तारा तोडणारा मेन त्याने दुसऱ्या दिवशी बसवून दिला. मग वीजखात्यात गेला. टेबलामागचा माणूस म्हणाला, "काका, ते प्रकरण बंद झालंय. आता उकरून काय मिळणार? आणि उकरलंच तर तुमच्यावरच येईल."

"येऊ दे."

"घरी जा, काका."

घरी त्याने सुनेला सगळं सांगितलं. नात शेजारी बसून ऐकत होती. सुनेने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"म्हणजे ते विसरले नव्हते."

"नाही गं. मी शिकवलं तसंच केलं त्याने."

"महिनाभर मी त्यांच्याशी मनात भांडतेय, बाबा. इतकं कसं विसरलात म्हणून. रोज." तिने पदराला हात पुसले. "आता ते भांडण कुठे ठेवू?"

नातीने हळूच विचारलं, "बाबांना टेस्टर लावून बघायला नव्हतं शिकवलं?"

"मला वाटायचं, फ्यूज खिशात असला की..." तो म्हणाला.

संध्याकाळी तो नेहमीसारखा चटईवर बसला. नातीने गणित सोडवलं आणि वही पुढे केली. त्याने दोनदा तपासलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

नातीने मान हलवली. वही उचलली आणि ती आत गेली.

"आई," तिचा दबका आवाज आला, "एकदा तू पण बघ ना."