पदरचं तेल

लग्न झाल्यापासून मी आणि सत्यजीत दोघंच असे कुठेच गेलो नव्हतो. देवदर्शनाला अख्खी जीप भरून माणसं, माहेरी जायला सोबत सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई. शेवटी एका रविवारी दौंडला पिक्चर बघायचं ठरलं, आणि नेमकं आदल्या दिवशी मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपमधून तेल गळायला लागलं.

"त्याल ब्रेकवर गेलं म्हंजी? आधी गाडी नीट करा, मग जावा," सासूबाईंनी फर्मावलं. भांडगावचा मिस्त्री गावाला गेलेला. मला रडूच कोसळलं.

सत्यजीतला मात्र हुरूप आला. "घरीच खोलतो की!" रविवारी सकाळी मोबाईलवर व्हिडिओ लावून त्यानं अंगणभर पसारा मांडला. लिंबाच्या फांदीला कासरा टाकून गाडीचं तोंड वर टांगलं. चाक निघालं, मडगार्ड निघालं. शॉकअपचं वरचं झाकण ढिलं करताना आतल्या स्प्रिंगनं असा दणका दिला, की झाकण थेट कोंबड्यांत. कोंबड्या गोठ्याच्या पत्र्यावर आणि मी हसून हसून पायरीवर. आतलं तेल इतकं काळं आणि घाण निघालं, की सासूबाई नाकाला पदर लावून आत पळाल्या.

तेल अडवणारी जुनी रबरी सीलं काढून, बाजारातनं आणलेली नवी ठोकून बसवली. आता प्रत्येक शॉकअपमध्ये मोजून तेल घालायचं होतं, थेंबभर कमी नाही की जास्त नाही. सत्यजीत झाकण शोधायला गोठ्यामागं गेला, तसे सासरे, म्हणजे आबा, पुढे सरसावले. उभा जन्म त्यांनी भांडगावात घरोघर दूध घातलेलं.

"मापाचं काम माझं. बोल सूनबाई, किती?"

वासराला औषध पाजायच्या बाटलीवरची खूण मी त्यांना दाखवली आणि चहा ठेवायला आत गेले. तिथंच घोटाळा झाला.

गाडी जोडून खाली उतरवली. सत्यजीतनं हँडल धरून दाबलं. शॉकअप ढिम्म. मीही भार टाकला. तरी ढिम्म.

"आबा, त्याल किती वतलं?" सत्यजीतनं विचारलं.

"मापात! आन् दोन्हीकडं वरनं पदरचं. कोरडं माप टाकलंय व्हय आपुन कवा?"

"अवो आबा, ही गाडी हाय, गिऱ्हाईक न्हाई! त्याल जास्त झालं की शॉकअप दबतच न्हाई. काढाय लागंल आता."

"दिल्यालं माघारी घ्यायचं? माझ्या हातनं न्हाई व्हायचं."

पुन्हा सगळं खोलायचं म्हणजे पिक्चर बुडाला. सत्यजीतनं माझ्या तोंडाकडं बघितलं, ब्रेक दाबून पाहिला. "गळत तर न्हाई. हळूहळू जाऊ. बस."

मी बसले, पण मध्ये एक पोतं मावेल एवढी जागा सोडून. वस्तीवर नवऱ्याला धरून बसायचं म्हणजे आमच्याकडे चार दिवस चर्चा. उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता पार उखडलेला. पहिल्या खड्ड्याला मी हातभर उडाले, दुसऱ्याला किंचाळले.

"अगं ए!" सासूबाई अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "लाजती काय? पडशील! धर की त्याला, दोन्ही हातांनी धर!"

धरलं. घट्ट धरलं. सत्यजीतचे कान लालेलाल झाले.

हायवेला लागलो. रस्ता गुळगुळीत झाला. पाटसच्या अलीकडे सत्यजीत हळूच म्हणाला, "आता सोडलं तरी चालंल."

"आत्याबाईंनी धर म्हणून सांगितलंय," मी म्हणाले, "सोड म्हणून न्हाई सांगितलं."